डॉ. रा. गो. भांडारकर: गोव्यातून येणारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याकडचा. इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि तेव्हापासून अंत्रुजातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, वाचनालयांत, कधी डिचोली-पेडण्याकडेही, भांडारकरांवर बोलत असतो. भाषण संपलं की चहाच्या वेळी आणि मग रात्री व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात. दरवेळी नव्यानं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथं तसं सांगितलं आहे.

१. भांडारकर म्हणजे नक्की कोण? थोडक्यात सांगा.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर, १८३७ ते १९२५. संस्कृतचे प्राध्यापक, दख्खनच्या प्राचीन इतिहासाचे लेखक, वैष्णव आणि शैव पंथांचा पुराव्यानिशी इतिहास लिहिणारे पहिल्या फळीतले भारतीय अभ्यासक आणि १८९३ ते १८९५ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. पुण्यातली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था त्यांच्या नावाची. प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ होते, तो भाग प्रश्न ११ मध्ये.

२. आडनावावरून वाटतं, ते आमच्या गोव्याचेच ना?

नाही. जन्म मालवणचा, ६ जुलै १८३७. सारस्वत आणि कोकणातले, एवढ्यावरून आपण त्यांना अलीकडे ओढतो. प्रत्येक भाषणानंतर कुणीतरी उठून त्यांचं कुळ अमुक गावचं, कुलदैवत तमुक, असं सांगतोच. सांगू दे. त्यांचं कर्तृत्व मुंबई-पुण्यात घडलं. गोव्याशी त्यांचा खरा संबंध तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही कुळाच्या गप्पांपेक्षा रसाळ आहेत: एक वादग्रस्त वाक्य (प्रश्न ८), एक घर सोडून निघालेला साखवाळचा तरुण (प्रश्न १३) आणि आपल्या बापजाद्यांच्या पदव्या (प्रश्न १६).

३. त्यांचं शिक्षण कुठं झालं?

वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि तिथं सरकारी इंग्रजी शाळा होती, म्हणून मुलाला इंग्रजी शिकता आलं. ही बदली झाली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. रत्नागिरीहून १८५३ मध्ये ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. तिथं दादाभाई नौरोजी त्यांचे शिक्षक होते.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये आणि बी. ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली १८६२ मध्ये. त्या तुकडीत चौघं: महादेव गोविंद रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढच्या वर्षी भांडारकर एम. ए. झाले. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या परीक्षेला ते बसले, त्याचेच तीसेक वर्षांनी कुलगुरू झाले.

४. आजोबांच्या ट्रंकेत 'मार्गोपदेशिका' सापडली. तीच का ही?

तीच. संस्कृतचं पहिलं पुस्तक, १८६४ चं. दुसरं १८६८ मध्ये आलं. तोपर्यंत संस्कृत शिकायचं म्हणजे शास्त्रीबुवांपुढं मांडी घालून आधी रूपावली, मग अमरकोश, मग पंचमहाकाव्यं, सगळं तोंडपाठ. भांडारकरांनी ते इंग्रजी शाळेतल्या मुलासाठी पायरीपायरीनं मांडलं: थोडं व्याकरण, लगेच वाक्यं, खाली शब्दांची यादी, उलट भाषांतर. आज हे नेहमीचं वाटतं, कारण नंतरच्या सगळ्यांनी तोच साचा उचलला.

माझ्याकडची प्रत एका जुन्या घरातून आलेली. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण धड्यांच्या मार्जिनला तीन वेगवेगळ्या हातांची शिसपेन्सिल. एकानं धातूंची रूपं लिहिलीत, एकानं सोडून दिलेल्या धड्यांवर फुल्या मारल्यात, तिसऱ्यानं नुसते हिशेब केलेत: नारळ, सुपारी, मजुरी. गोव्यातल्या घरातलं संस्कृत असंच हातांतून हातांत गेलं.

५. इंग्रज सरकारनं त्यांना नोकरीत डावललं होतं हे खरं का?

खरं. रत्नागिरी हायस्कूलचे हेडमास्तर असलेले भांडारकर १८६८ च्या सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. काम उत्तम चाललं होतं, युरोपातले विद्वान त्यांचे लेख वाचत होते. पण जागा कायम करायची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटर पीटरसन आले आणि ती त्यांना मिळाली. भांडारकर खालच्या पायरीवर. कायमची प्राध्यापकी त्यांना मिळाली ती १८८२ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, तिथले संस्कृतचे प्राध्यापक कीलहॉर्न जर्मनीला परत गेल्यावर. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीस.

मुलं मला विचारतात, त्यांनी राजीनामा का नाही फेकला? मला वाटतं, त्या दहा वर्षांत त्यांनी जे केलं तेच त्यांचं उत्तर होतं. पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलीचा काळ ठरवणारा लेख १८७२ चा. १८७४ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेला ते जाऊ शकले नाहीत, पण नाशिकच्या लेण्यांमधल्या शिलालेखांवरचा निबंध पाठवला. १८७७ मध्ये मुंबई विद्यापीठाची भाषाशास्त्रावरची विल्सन व्याख्यानं दिली. आणि पुढं संस्कृत हस्तलिखितं शोधण्याच्या सरकारी कामात हे दोघं, पीटरसन आणि भांडारकर, एकाच मोहिमेवर होते. दोघांचेही अहवाल आज अभ्यासक वापरतात.

६. 'डॉक्टर' कसे झाले? त्यांनी पीएच. डी. कुठं केली?

केली नाही. गटिंगेन विद्यापीठानं १८८५ मध्ये ती सन्मान म्हणून दिली. पुढच्या वर्षी ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला प्रत्यक्ष गेले. 'सर' ही पदवी १९११ ची. जुन्या पुस्तकांत दोन्ही लावलेलं दिसतं, त्यात चूक नाही.

७. धर्माचा इतिहास म्हणजे पुराणच की! ते आमचे भटजीही सांगतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, सगळ्याचं मूळ यात आहे.

पुराण सांगणारा देवाची गोष्ट सांगतो. धर्मेतिहासकार देवाच्या *उपासनेची* गोष्ट सांगतो: हे नाव पहिल्यांदा कुठं सापडतं, कुणी कोरलं, कधी, त्या वेळी त्याला देव मानत होते की शूर पुरुष. भांडारकरांचा १९१३ चा ग्रंथ, वैष्णव, शैव आणि इतर लहान पंथांवरचा, जर्मनीच्या ताब्यातल्या स्ट्रासबर्गला छापला गेला. त्यातली पहिली प्रकरणं म्हणजे या पद्धतीचा वस्तुपाठ.

वासुदेवाची उपासना किती जुनी? ते भागवत पुराण उघडत नाहीत. पाणिनीचं सूत्र काढतात: वासुदेवार्जुनाभ्यां वुन्. म्हणजे वासुदेवाचा भक्त तो वासुदेवक. पतंजली त्यावर म्हणतो, हे नुसत्या क्षत्रियाचं नाव नाही, पूज्य असलेल्याचं आहे. मग राजस्थानातला घोसुंडीचा शिलालेख, नाणेघाटातला संकर्षण-वासुदेवांचा उल्लेख आणि मध्य भारतातल्या बेसनगरचा गरुडस्तंभ, जो हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूतानं 'देवदेव वासुदेवा'साठी उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. तो स्तंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. चार साक्षीदार, चार जागांचे, एकमेकांना न ओळखणारे. चौघं एकच सांगतात म्हणून विधान टिकतं.

भटजींशी त्यांचं भांडण नव्हतं. एवढंच की 'आमच्यात असं म्हणतात' ही साक्ष त्यांच्या कोर्टात एकटी चालत नसे.

८. त्यांनी कृष्णाला ख्रिस्त म्हटलं आणि त्यात गोंयकारांना ओढलं, असा मेसेज फिरतो. खरं काय?

वर्षातून दोनदा तरी हा मेसेज येतो, एकदा गोकुळाष्टमीला आणि एकदा नाताळात. अर्ध खरं आहे, म्हणून नीट सांगतो.

भांडारकरांचं म्हणणं असं होतं की आपण ज्याला आज कृष्ण म्हणतो त्यात चार प्रवाह मिसळले: सात्वत कुळाचा वासुदेव, विश्वरूप नारायण, वेदातला विष्णू आणि गोकुळातला बाळकृष्ण. पहिल्या तिघांचे पुरावे जुने. चौथ्याच्या, म्हणजे गुराख्यांमध्ये वाढलेल्या बाळाच्या, कथा त्यांना उशिराच्या वाटल्या. त्या आभीर या गुरं राखणाऱ्या जमातीनं आणल्या असाव्यात, आभीर बाहेरून इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत आले असावेत आणि येताना त्यांनी ख्रिस्ताचं नाव आणि बालदेवाची कल्पनाही आणली असेल, असा तर्क त्यांनी केला. मग प्रश्न आला, ख्रिस्ताचा कृष्ण झाला कसा? इथं आपण येतो. त्यांनी लिहिलं की गोव्यातले आणि बंगालमधले लोक कृष्णाचा उच्चार कुष्टो किंवा क्रिष्टो असा करतात, म्हणून ते नाव सहज कृष्ण म्हणून ओळखलं गेलं.

उच्चाराबद्दल त्यांचा कान तयार होता. माझी आजी शेजारच्या कृष्णाला 'कुष्टा' म्हणूनच हाक मारायची, आणि त्याला कुणी 'कृष्णा' म्हटलं तर तो मागं वळूनही बघत नसे. सत्तरी तालुक्यातले बंडवाले कुष्टोबा राणे सगळ्यांना ठाऊक. ष्ण चा ष्ट होतो, बंगालीत 'केष्ट' होतो. एवढं बरोबर.

तर्क मात्र टिकला नाही. हेमचंद्र रायचौधुरींनी १९२० मध्ये वैष्णव पंथाच्या आरंभकाळावर लिहिताना तो नाकारला. पण मला सगळ्यात गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पतंजलीच्या महाभाष्यात 'शूद्राभीरम्' असा शब्द येतो. म्हणजे पतंजलीच्या वेळी आभीर इथं होतेच. आणि पतंजली ख्रिस्तापूर्वी सुमारे दीडशे वर्षांचा, हे ठामपणे मांडलं कुणी? भांडारकरांनी, १८७२ च्या त्या लेखात, 'इह पुष्यमित्रं याजयामः' (इथं आम्ही पुष्यमित्राचा यज्ञ चालवतो आहोत) आणि 'अरुणद् यवनः साकेतम्' (यवनानं साकेताला वेढा घातला) या वाक्यांवरून. त्यांच्या १९१३ च्या तर्काविरुद्धची साक्ष त्यांनीच चाळीस वर्षं आधी नोंदवून ठेवली होती.

मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर हा वरचा परिच्छेदही जोडा.

९. विठ्ठल कानडा, असं ते म्हणाले होते?

'कानडा विठ्ठलु' हे तर वारकरीच म्हणतात. भांडारकरांनी त्याला व्युत्पत्ती जोडली: विष्णूचं कानडी रूप बिट्टी, त्यावरून विठ्ठू, विठोबा. होयसळ राजा विष्णुवर्धनाला बिट्टिदेव म्हणत, हे त्यांच्या बाजूनं. वरच्या प्रश्नातल्या कुष्टाशी ताडून पाहा, ष्ण घासला जाण्याचीच ही दुसरी वाट. पुढं रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं, त्यामुळे व्युत्पत्तीवरच सगळं सोडून चालत नाही.

याच ग्रंथात नामदेव-तुकारामांवर त्यांनी जीव ओतून लिहिलं आहे. महाराष्ट्राच्या भक्तीत देवाशेजारी राधा नाही, रखुमाई आहे, घरची बायको, आणि म्हणून हा पंथ संयमी राहिला, असं त्यांचं मत. नामदेवांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा नवी वाटते म्हणून त्यांचा काळ त्यांनी पुढं ओढला. त्यावर वारकरी रागावले आणि भाषा-अभ्यासकांचंही एकमत झालं नाही. तोंडातोंडी फिरलेल्या अभंगांची भाषा नवी होत जाते, हे उत्तर माझ्या मते पुरेसं आहे.

१०. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांच्यावर त्यांनी काय लिहिलं?

त्या वाटेला जाऊ नका, रिकाम्या हातानं परत याल. दख्खनच्या इतिहासावरच्या त्यांच्या १८८४ च्या पुस्तकात गोव्याचे कदंब डोकावतात, कारण कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्यानं आपली मुलगी गोव्याच्या जयकेशीला दिली होती. देवळं साष्टी-बार्देशातून अंत्रुजात कशी आली, कोणत्या साली, कुणी मूर्ती नेल्या, हे पोर्तुगीज कागदांत आहे. त्यासाठी पांडुरंग पिसुर्लेकर आणि अनंत काकबा प्रियोळकर वाचा. पिसुर्लेकरांनी पणजीचं पुराभिलेखागार तीस वर्षं सांभाळलं. प्रियोळकरांचं इन्क्विझिशनवरचं पुस्तक १९६१ चं, गोवा मुक्त झाला त्याच वर्षीचं.

भांडारकरांची पद्धत मात्र आपल्या देवळांना लावून पाहण्यासारखी आहे. शांतादुर्गेनं शिव-विष्णूंचं भांडण सोडवलं ही कथा. धर्मेतिहासकार विचारेल: कवळ्याच्या स्मार्त मठाचे आणि पर्तगाळच्या वैष्णव मठाचे अनुयायी एकाच ज्ञातीत, कधी एकाच घरात नांदत असताना ही कथा कुणाला आणि कधीपासून सांगावीशी वाटली?

११. ते धार्मिक होते की नास्तिक?

पक्के आस्तिक. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला, भांडारकर लवकरच त्यात आले आणि पुढं पुण्याच्या समाजात वर्षानुवर्षं उपासना चालवत. तुकारामाचे अभंग घेऊन ते प्रवचन करत. मूर्तिपूजा मानत नसत.

सोमवारी देवाच्या नावाची व्युत्पत्ती उलगडायची आणि रविवारी त्याच देवापुढं डोळे मिटायचे, हे कसं जमायचं, असं मला एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं होतं. माझं उत्तर असं की आजीचा जन्मदाखला सापडला आणि तिचं वय दहा वर्षांनी कमी भरलं, तर आजीवरची माया कमी होत नाही. ती मुलगी म्हणाली, सर, माझी आजी दाखला फाडून टाकेल. तेही खरंच.

१२. टिळकांशी त्यांचं भांडण कशावरून?

संमतिवयाच्या कायद्यावरून, १८९१ मध्ये. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचा कायदा येत होता. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये. भांडारकरांनी धर्मशास्त्राचेच ग्रंथ काढून दाखवलं की कायदा शास्त्राविरुद्ध नाही. शास्त्रातल्या वचनांवर दोघांची जाहीर जुंपली. त्याच वर्षी भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला आणि जातीचा रोष ओढवून घेतला. लेख लिहिणारे पुष्कळ होते, घरात करून दाखवणारे थोडे. पुण्याला १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल निघालं, आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो, त्याच्या संस्थापकांतही रानडे-मोडकांबरोबर ते होते. प्रश्न ३ मधल्या चौघांपैकी हे तिघं.

१३. धर्मानंद कोसंबी त्यांचे शिष्य होते का?

शिष्य म्हणणं ताणल्यासारखं होईल. धर्मानंद आपल्या साखवाळचे, जन्म १८७६ चा. शाळा जेमतेम. 'बालबोधमेवा' मासिकात बुद्धावरचा लेख वाचला आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा ध्यास घेतला. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं. बायको, लहान मूल, नारळाची बागायत, सगळं मागं. पहिला मुक्काम पुणे, कारण संस्कृत शिकायचं होतं, आणि पुण्यात त्यांनी भांडारकरांची भेट घेतली. भांडारकर तेव्हा निवृत्त, साठी उलटलेले. खिशात काही नसलेला, इंग्रजी न येणारा हा गोव्याचा तरुण समोर उभा. त्यांनी त्याला दारातून परत पाठवलं नाही, हे महत्त्वाचं.

पुढं काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश, मग हार्वर्ड, मग फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणं. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली यावी म्हणून कोसंबींनी खटपट केली, तेव्हाही भांडारकरांचं वजन कामी आलं. कुलगुरूपद सोडून वर्षं लोटली होती, शब्दाला किंमत तेवढीच होती. ही हकीकत कोसंबींच्याच शब्दांत वाचायची तर 'निवेदन' हे त्यांचं आत्मकथन मराठीत आहे.

१४. ते पहिले भारतीय कुलगुरू होते ना?

मुंबई विद्यापीठापुरतं बोलायचं तर पहिले काशिनाथ त्र्यंबक तेलंग, १८९२ मध्ये. हायकोर्टाचे न्यायमूर्ती, गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे. ते १८९३ च्या सप्टेंबरात त्रेचाळिसाव्या वर्षी गेले आणि त्यांच्या जागी भांडारकर आले. भांडारकरांचं वेगळेपण असं की तोवरचे बहुतेक कुलगुरू न्यायाधीश किंवा सरकारी अधिकारी होते. हयातभर वर्गात शिकवलेला माणूस त्या खुर्चीवर बसणं नवीन होतं.

१५. कुलगुरू म्हणून त्यांनी काय केलं? पगार किती होता?

पगार नव्हता, पद मानाचं होतं. आणि आजच्यासारखं विद्यापीठही नव्हतं. मुंबई विद्यापीठ तेव्हा परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. वर्ग, वसतिगृहं, शिक्षकांच्या नेमणुका, सगळं कॉलेजांकडे. कुलपती गव्हर्नर. कुलगुरूंच्या हातात होतं ते अभ्यासक्रम, परीक्षक, सिंडिकेटच्या, म्हणजे कार्यकारी मंडळाच्या, बैठका आणि पदवीदान समारंभाचं भाषण. 'त्यांच्या कारकिर्दीत किती इमारती झाल्या' असं एका सद्गृहस्थांनी मला विचारलं होतं. इमारती नाहीत. त्यांची खरी संस्था-उभारणी त्या दोन वर्षांत शोधायची नसते. ती पाठ्यपुस्तकांत, हस्तलिखितांच्या संग्रहात आणि नंतरच्या पुण्याच्या संस्थेत आहे.

१६. गोवा विद्यापीठाशी त्यांचा काही संबंध?

सरळ नाही, ते १९८५ मध्ये स्थापन झालं. पण मुक्तीनंतर इथं धेंपे, चौगुले ही कॉलेजं निघाली ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांची सत्तरच्या दशकातली पदवी काढून बघा, वर मुंबई विद्यापीठच असेल. त्याआधी पोर्तुगीज अमदानीत मॅट्रिकला बसायलाही पोरं बेळगाव-मुंबई गाठायची.

जाता जाता: गोवा विद्यापीठालाही इतिहासकार कुलगुरू लाभले होते, बी. शेख अली. त्याआधी ते मंगळूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांचा विषय टिपू आणि म्हैसूरचा इतिहास.

१७. भांडारकर संस्था त्यांनी स्वतः काढली का? महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्यांचीच?

दोन्हीला 'अंशतः' असं उत्तर. संस्था त्यांच्या चाहत्या-शिष्यांनी काढली, ६ जुलै १९१७ ला, त्यांच्या वाढदिवशी. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह दिला. सरकारनं डेक्कन कॉलेजातली हस्तलिखितं तिथं हलवली, म्हणजे ज्या पोथ्या गोळा करायला त्यांनी उन्हातान्हात प्रवास केले त्या पुन्हा त्यांच्याच नावाखाली आल्या. १९१९ च्या नोव्हेंबरात पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, अध्यक्ष तेच.

महाभारताच्या कामाची सुरुवात १ एप्रिल १९१९ ला त्यांच्या हातून झाली. ऐंशी ओलांडलेल्या भांडारकरांनी 'नारायणं नमस्कृत्य' हा मंगलश्लोक लिहिला. संपादन मात्र पुढच्यांचं, त्यात १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकरांचा वाटा मोठा. काम पुरं झालं १९६६ मध्ये. एक श्लोक लिहिला तेव्हापासून सत्तेचाळीस वर्षं.

१८. इतिहासकार देवदत्त भांडारकर म्हणजे हेच का?

नाही, ते त्यांचे चिरंजीव, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते. जुन्या तळटिपांत नुसतं 'भांडारकर' असेल तर साल बघा, आणि आद्याक्षरं: 'रा. गो.' की 'दे. रा.'. माझ्याही एका छापील लेखात ही गफलत झाली आहे.

१९. माझ्या मुलाला या वाटेनं जायचंय. आज काय करावं लागेल?

संस्कृत, पाली, जुनी मराठी, कानडी यांपैकी निदान एक भाषा मुळातून. गोव्याच्या धर्मेतिहासावर काम करायचं तर पोर्तुगीज हवीच, त्याशिवाय पणजीच्या अभिलेखागारात नुसतं कपाटांकडे बघत बसावं लागेल. गोवा विद्यापीठात इतिहास, मराठी, संस्कृत, पोर्तुगीज या सगळ्यांची सोय आहे. 'नेट' या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या विषयांत इतिहास आहे तसा धर्मांचा तुलनात्मक अभ्यासही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पर्वरीला जेझुइटांचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र १९७९ पासून आहे. त्याचे पहिले संचालक तेओतोनिओ डिसोझा स्वतः जेझुइट होते, त्या संघातून बाहेर पडून पुढं लिस्बनला विद्यापीठात इतिहास विभाग चालवू लागले. म्हणजे ही वाट गोव्यातून चालता येते.

कुलगुरूपदाचं विचाराल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राध्यापक म्हणून किंवा नामवंत संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत दहा वर्षांचा अनुभव लागतो. मुलगा अजून अकरावीत असेल तर आधी शब्दरूपं.

२०. सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू?

त्यांच्या समग्र लेखनाचे चार खंड भांडारकर संस्थेनं १९२७ ते १९३३ मध्ये काढले. चौथ्यात वैष्णव-शैव ग्रंथ आहे. तिथूनच सुरू करा, पण पहिल्या पानापासून नको. नामदेव-तुकारामांचं प्रकरण आधी वाचा, ओळखीची माणसं भेटतील. मग मागं वासुदेवाकडे जा. सगळं इंग्रजीत आहे, पण सोपं, शाळामास्तरी इंग्रजी आहे.

२१. आमच्या माडीवर पोथ्या आहेत. भांडारकर संस्थेला पाठवू का?

आधी पाठवू नका, आधी बघा. कापडात बांधलेली पोथी उघडताना खाली पांढरी चादर घाला, तुकडे पडले तर सापडतात. पावसात उघडू नका, आपल्याकडची हवा जून ते सप्टेंबर कागदाची वैरी. उन्हात वाळत घालू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही. सुती कापडात बांधून जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो काढा, लेखकाचं नाव आणि शक बहुधा शेवटी असतो.

अक्षर ओळखीचं वाटलं नाही तर ते जैन किंवा मोडी आहे असं ठरवून मोकळे होऊ नका, गोयकानडी असू शकतं. आपल्या गावकारीचे, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थांचे, जुने कागद त्या लिपीत आहेत आणि ती वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. अशा वेळी पहिला फोटो पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे. मागच्या चतुर्थीला एका घरात देव्हाऱ्यामागं असं बाड निघालं, सगळ्यांना वाटलं तांत्रिक मंत्र. उलगडून बघितलं तर तीन पिढ्यांचा देवळाच्या तेलाचा हिशेब, कुणी किती दिलं आणि कुणी बाकी ठेवलं. बाकी ठेवणाऱ्यांची आडनावं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली नाहीत.